कोणाच्या नावावर किती गोणी?

(वस्तीतल्या अभ्यासिकेत रविवारी केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, थोडं झाडून-पुसून.)

मला इथं कविता वाचायला बोलावतात. आज कविता नाही. आज एका बाईबद्दल बोलणार आहे नि तिच्या कागदांबद्दल. कागद म्हणजे शोधनिबंध, ज्याला कॉलेजातले लोक पेपर म्हणतात. ते कोण मोजतं, कसं मोजतं, नि त्या मोजणीनं जित्या माणसाचं काय होतं, एवढंच बोलायचंय. मी दहावी पास. माझा बाप अजून मॅट्रिक म्हणतो. त्यानंतर सरळ गोदीत. बायोटेक्नॉलॉजीवर बोलायचा ह्याला काय अधिकार, असं मागं बसलेल्या कोणाला वाटत असेल तर वाटू द्या. मोजणीवर बोलायचा अधिकार मला आहे. रोज मोजला जातो मी.

गोदीत टॅलीवाला असतो. जहाजाच्या पोटातून माल क्रेनच्या हुकाला लागून वर येतो, धक्क्यावर उतरतो, नि तिथं हा गडी पॅड घेऊन उभा. वर आलेलं तो लिहितो. खाली हॅचमध्ये एखादी पोलादाची कॉइल तिरकी होऊन अडकली, ती पहारी लावून सोडवण्यात आमचे दोन तास गेले, तर त्याच्या कागदावर त्या दोन तासांत शून्य. आता कागद खोटा आहे का? नाही. दोन तासांत एकही कॉइल वर आली नाही, हे खरंच आहे. पण तो कागद हातात घेऊन मुकादम म्हणतो, तुम्ही काम केलं नाही. खोटेपणा तिथं सुरू होतो.

हे ध्यानात ठेवा. पुढं अमेरिकेपर्यंत जायचंय, तिथंही हाच टॅलीवाला भेटणार आहे.

मी ह्या भानगडीत का पडलो ते आधी सांगतो. आपल्या वस्तीतली एक पोरगी बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झाली. नाव घेत नाही, ती इथंच बसलीय. एका लॅबमध्ये दीड वर्ष राबली. रविवार नाही, सण नाही. पुढं पीएच.डी.साठी मुलाखतीला गेली तर पहिला प्रश्न, पब्लिकेशन किती? दुसरा, सायटेशन किती? ती गप्प. ज्या कामात तिचे हात झिजले त्या पेपरात तिचं नाव शेवटी 'आभार' मध्ये घालतो म्हणाले होते. घरी येऊन मला म्हणाली, 'दादा, माझा आकडा शून्य आहे. मी सोडते हे.' त्या रात्री मी वाचायला बसलो. समजेना ते तिलाच विचारलं.

सायटेशन म्हणजे काय? एखादा शास्त्रज्ञ पेपर लिहितो तेव्हा शेवटी यादी देतो, की मी अमक्याच्या तमक्या पेपराच्या आधारावर हे केलं. ज्याचा आधार घेतला त्याच्या खात्यात एक उल्लेख जमा. झालं. उसनवारीची कबुली म्हणा. ह्यात वाईट काही नाही. उलट कबुली देण्याची दानत आपल्या समाजात किती लोकांकडं आहे?

ही कबुल्यांची खातेवही बांधली युजीन गारफिल्ड नावाच्या माणसानं. १९५५ साली त्यानं 'सायन्स' मासिकात कल्पना मांडली. वकिलांकडं जुन्या निकालांची अशी वही होती, कोणता निकाल पुढं कुठल्या खटल्यात वापरला गेला त्याची, तिच्यावरून त्याला सुचलं. १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आला. ठिकाण फिलाडेल्फिया. गारफिल्डची डॉक्टरेटही त्याच शहरातल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठाची, १९६१ ची. हे गाव आणि हे विद्यापीठ विसरू नका.

वही होती शोधायला. एखाद्या विषयाचा धागा कुठून कुठं गेला ते कळावं म्हणून. पण मोजायचं साधन हातात आलं की मुकादम येतोच. १९७५ पासून मासिकांचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' छापून यायला लागला. हिशोब असा: मासिकानं मागच्या दोन वर्षांत छापलेल्या पेपरांचे यंदा किती उल्लेख झाले, भागिले त्या दोन वर्षांतले पेपर. हा आकडा मासिकाचा. पण लोकांनी तो माणसाला चिकटवला. अमक्या आकड्याच्या मासिकात छापून आला म्हणजे माणूस तेवढा मोठा! गारफिल्डनं स्वतः सावध केलं होतं की ह्यावरून माणसं जोखू नका. ऐकतो कोण? मग २००५ साली खॉर्खे हिर्श नावाच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकानं माणसासाठीच आकडा काढला, एच-इंडेक्स. तुमचे दहा पेपर प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेखले गेले असतील तर तुमचा एच दहा. नि एखाद्यानं जन्मात एकच पेपर लिहिला, जगानं तो दहा हजार वेळा उल्लेखला, तर त्याचा एच किती? एक. हसताय, पण हिशोब तसाच आहे.

आज ही खातेवही कंपन्यांची मालमत्ता आहे. गारफिल्डची वही हात बदलत आता क्लॅरिव्हेट कंपनीकडं, तिचं नाव वेब ऑफ सायन्स. दुसरी स्कोपस, ती एल्सेव्हिअर ह्या प्रकाशन कंपनीची. म्हणजे पेपर छापणारा मालक नि टॅली ठेवणारा मालक, एकच! गोदीत असं कोणी केलं तर आम्ही गेट बंद पाडू.

आता बाई.

कॅटलिन कारिको. जन्म १९५५, हंगेरीत. वाढली किशूयसाल्लाश नावाच्या छोट्या गावात. बाप खाटीक. मागं कुजबुज झाली ती ऐकली मी. तिकडं खाटीक हा धंदा आहे, जात नव्हे. उगीच आपल्या कपाळावरचा शिक्का तिच्या कपाळावर मारू नका. पण मातीचं घर, गवती छप्पर, घरात नळ नाही, फ्रिज नाही, हे समजायला आपल्याला दुभाष्या लागत नाही. १९५६ च्या उठावानंतर बापावर सरकारची खप्पा मर्जी झाली, नोकरी गेली. पोरगी शिकली. सेगेद विद्यापीठातून १९८२ ला डॉक्टरेट घेतली, तिथंच संशोधन केंद्रात लागली. १९८५ मध्ये पैसा आटला नि काम सुटलं. नवरा आणि दोन वर्षांची मुलगी घेऊन ती अमेरिकेला निघाली. देशाबाहेर पैसा न्यायला बंदी. गाडी विकून आलेले नऊशे पौंड त्यांनी मुलीच्या कापडी अस्वलात शिवून नेले. पोचले फिलाडेल्फियाला. टॅलीवाल्याच्या गावात.

१९८९ पासून ती पेनसिल्वेनिया विद्यापीठात. तिच्या डोक्यात एकच किडा: एमआरएनए. हा पेशीतला निरोप्या आहे. पेशीच्या आतल्या कपाटात जी मूळ पोथी असते ती बाहेर निघत नाही. तिच्यातली एखादी ओळ उतरवून निरोप्या बाहेर कारखान्यात नेतो, नि कारखाना त्या ओळीबरहुकूम प्रथिन बनवतो. काम झालं की निरोप्या विरघळून जातो. कारिकोचं म्हणणं, हा निरोप आपण बाहेर तयार करून शरीरात घातला तर शरीर स्वतःच स्वतःचं औषध बनवील. लोक म्हणायचे, बाई, तो टिकत नाही, हात लावला की तुटतो. १९९० मध्ये तिनं अनुदानाला अर्ज केला. नामंजूर. मग अर्जांमागून अर्ज, नकारांमागून नकार.

नि अमेरिकेच्या विद्यापीठात अनुदान म्हणजे श्वास. २०२३ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात ती सांगते की लॅबच्या दर चौरस फुटामागं किती डॉलर आणले ह्यावर तिथं माणूस जोखला जाई. चौरस फूट! मुंबईत राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. १९९५ साली तिला सांगण्यात आलं, एक तर जा, नाही तर खालच्या जागेवर राहा. वरची पायरी काढून घेतली. नेमका त्याच सुमारास तिला कॅन्सरचा संशय होता, नवरा व्हिसाच्या लफड्यात हंगेरीत अडकलेला. ती राहिली. खालच्या जागेवर राहिली, पण काम सोडलं नाही.

मग १९९७ च्या सुमाराला झेरॉक्स मशीन. खरंच सांगतो, झेरॉक्सच्या मशीनपाशी तिला ड्रू वाइसमन भेटला. दोघंही मासिकांतल्या पेपरांच्या कॉप्या काढायला यायचे. तो एचआयव्हीवर लस शोधत होता. ती म्हणाली, तुला लागेल तो निरोप मी बनवून देते.

बनवला. पण तो पेशींवर टाकला की पेशी खवळायच्या, सूज. शरीराचे पहारेकरी बाहेरून आलेल्या आरएनएला विषाणू समजून बोंब ठोकायचे. इथं बरीच वर्षं गेली. ही बघा अडकलेली कॉइल. मग त्यांच्या लक्षात आलं की आरएनएचा दुसरा एक प्रकार आहे, ट्रान्सफर आरएनए, तो टाकला तर पहारेकरी गप्प. का? कारण त्याच्यातली अक्षरं निसर्गानंच जागोजाग थोडीथोडी बदललेली असतात. मग ह्यांनी एमआरएनएतलं युरिडीन नावाचं अक्षर काढून त्याजागी त्याचा भाऊबंद स्यूडोयुरिडीन बसवला. पहारेकरी शांत! पुढं २००८ च्या पेपरात दाखवलं की असा निरोप जास्त टिकतो नि त्यावरून प्रथिनही जास्त बनतं. शोध म्हणाल तर हा. एक अक्षर.

पहिला पेपर त्यांनी 'नेचर'कडं धाडला. एका दिवसात परत. म्हणे, भर किरकोळ आहे. त्यांनी जो इंग्रजी शब्द वापरला त्याचा अर्थ तिला शब्दकोशात बघावा लागला, असं ती सांगते. मित्रांनो, आपल्याही अर्जावर असे शब्द येतात, ज्यांचा अर्थ बघायला शब्दकोश लागतो नि बघितल्यावर कळतं की शिवी आहे.

शेवटी ऑगस्ट २००५ मध्ये पेपर 'इम्युनिटी' मासिकात आला. हे काही लहान मासिक नव्हे. चार नावं: कारिको, बकस्टीन, नी, वाइसमन. वाइसमन तिला म्हणाला होता, आता बघ, फोन थांबणार नाहीत. फोन वाजला नाही. वर्षामागून वर्षं. उल्लेख अगदीच झाले नाहीत असं नाही, पण ज्यांच्या हातात पैसा नि पदं होती त्यांना काही दिसलं नाही. नि त्याच २००५ साली, देशाच्या दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियात, हिर्शचा एच-इंडेक्स निघाला. एकीकडं काम झालं, एकीकडं नवी टॅली आली, नि टॅलीला काम दिसेना.

अशा पेपरांना मोजणीवाल्यांच्या भाषेत नाव आहे, 'झोपलेली सुंदरी'. २००४ मध्ये हॉलंडच्या व्हान रान ह्या अभ्यासकानं ते रूढ केलं. मला नाव पटत नाही. सुंदरी झोपलेली नव्हती, रात्रपाळी करत होती. झोपले होते दुसरे.

२०१० मध्ये हार्वर्डमधल्या एका गटानं बदललेल्या अक्षरांचा एमआरएनए वापरून साध्या पेशींना मूळपेशींसारखं बनवलं, तेव्हा लोक मागं वळून २००५ च्या कागदाकडं बघायला लागले. मॉडर्ना कंपनी त्याच वर्षीची. पण बाईचं? २०१३ मध्ये विद्यापीठात तिला वरची जागा मिळेना, तिच्या लॅबचं सामान बाहेर काढलं गेलं. ती जर्मनीत बायोएनटेक कंपनीत गेली. त्या कंपनीची साधी वेबसाइटसुद्धा नाही म्हणून लोक हसले.

मग २०२० आलं. आपण इथं काय भोगलं ते मी सांगत नाही. डिसेंबर २०२० मध्ये फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना ह्या दोन्ही लसींना परवानगी मिळाली. दोन्हींत ती अक्षरबदलाचीच युक्ती, स्यूडोयुरिडीनच्या एका जवळच्या नातलगाची. जर्मनीच्याच क्यूअरव्हॅक कंपनीनं अक्षर न बदलता लस केली, तिचा निकाल २०२१ मध्ये ४८ टक्क्यांवर अडला. डोस कमी होता, विषाणूही बदलला होता, पण अक्षराचाही संशय आहे. आता एक खरं सांगून टाकतो. माझ्या दंडात गेली ती पुण्याची कोव्हिशील्ड, तिची तऱ्हा वेगळी. इथल्या बहुतेकांची तीच. कारिकोनं माझा जीव वाचवला असं खोटं बोलून टाळ्या घेणार नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कारिको नि वाइसमनला नोबेल जाहीर झालं. २००५ च्या कागदाचे उल्लेख आज हजारांत गेले आहेत. टॅली भरली! नि डिसेंबर २०२४ मध्ये पेटंटच्या भांडणात बायोएनटेकनं तडजोड करून त्याच पेनसिल्वेनिया विद्यापीठाला ४६ कोटी ७० लाख डॉलर कबूल केले. ज्या घरानं पायरी काढली त्याच घरात पैसा. शोधक म्हणून दोघांनाही हिस्सा मिळतो, बाई उपाशी राहिली असं माझं म्हणणं नाही. पण चौरस फुटाचा हिशोब आता मांडा म्हणावं.

दुसरी बाजूही बघा. जगात आजवर सगळ्यात जास्त उल्लेखलेला पेपर कोणता? ऑलिव्हर लाउरीचा, १९५१ चा. २०१४ मध्ये 'नेचर'नं यादी काढली तेव्हा त्याचे उल्लेख तीन लाखांवर होते. काय आहे त्यात? द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजायची रीत. बस्स. लाउरी स्वतः म्हणायचा की पेपर काही थोर नव्हे. ज्या १९५३ च्या पेपरात डीएनएची गोफासारखी रचना आली तो त्या यादीच्या पहिल्या शंभरात नाही. म्हणजे उल्लेखाचा आकडा हे सांगतो की वस्तू किती हातांनी वापरली. केरसुणी रोज वापरली जाते. मी केरसुणीला कमी लेखत नाही, आपल्यातला कोणी लेखूच शकत नाही. पण वापर आणि थोरवी ह्या दोन गोष्टी आहेत.

नि १९५१ सालातच बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स वारली. काळी बाई, तंबाखूच्या शेतात राबलेली, वय ३१, पाच लेकरं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर. तिला न विचारता तिच्या गाठीच्या पेशी काढून लॅबमध्ये दिल्या. त्या पेशी मेल्या नाहीत, आजही वाढतात. हेला पेशी. बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या पोरापोरींना विचारा. अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेच्या मोजणीत हेला पेशींचा उल्लेख असलेले पेपर १ लाख १० हजारांहून जास्त निघाले. एवढे उल्लेख कोणाच्या खात्यात? बाईच्या खात्यात शून्य. बरीच वर्षं तिचं नावसुद्धा हेलन लेन म्हणून चुकीचं फिरत होतं. घरच्यांना दोन दशकं पत्ता नव्हता. २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीनं तिच्या वारसांशी कोर्टात तडजोड केली, बहात्तर वर्षांनी. पॅडवर जो रकानाच नाही तो टॅलीवाला भरणार कसा?

आमचा एक दोस्त म्हणतो, मग फाडून टाका ही टॅली. मी म्हणतो, थांब. बाप सांगतो, पूर्वी लिहिणाराच नसायचा तेव्हा मुकादमाच्या तोंडात मोजणी असायची. त्याचा पुतण्या दोनशे गोणी, माझा बाप दीडशे. काम दोघांनी सारखंच केलेलं. आकडा नसला की आडनाव मोजलं जातं. कोण कोणाचा शिष्य, कोण कोणाच्या ओसरीवरचा. कारिकोच्या बाजूनं शेवटी काय उभं राहिलं? २००५ चा छापील कागद नि त्यावर पहिलं तिचं नाव. खालच्या जागेवर ढकलली तरी ते नाव कोणाला खोडता आलं नाही. ते तिथं नसतं तर?

आपल्याकडं यूजीसीनं २०१० च्या नियमात मास्तरांच्या पेपरांना गुण लावले, नि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या मासिकांचं पीक आलं. त्यावर स्वतंत्र बोलावं लागेल. जगात ह्याविरुद्ध आवाजही उठलाय: २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या लोकांनी जाहीरनामा काढला, मासिकाच्या आकड्यावरून माणसाची नेमणूक-बढती करू नका, काम वाचा. वाचा! एवढं साधं सांगायला जाहीरनामा लागला.

आता तिच्यासाठी, जी इथं बसलीय. बाई गं, तुझा आकडा शून्य आहे हे खरं आहे. तू काम केलं नाहीस हे खोटं आहे. पहिलं खरं असताना दुसरं खोटं असू शकतं, हे मला गोदीनं शिकवलं. तुझी वही काढ. प्रयोगाची तारीख, कोणी केला, सही. कोणता आकडा तुझ्या हातचा ते त्यात आहे. पेपरात कोणी काय केलं हे सांगायची आता चौदा कामांची ठरलेली यादी आहे, 'क्रेडिट' म्हणतात तिला, बरीच मासिकं ती भरून मागतात. प्रयोग करणं हे त्यातलं एक काम, मसुदा लिहिणं दुसरं. मसुद्यात हात घाल, तुझा भाग तू लिही, शेवटचा मसुदा वाचायला माग. मग 'आभार' नको, नाव घाला, असं लेखी माग. पेपर मासिकाकडं जायच्या आधी माग. छापून आल्यावर भांडायला दहापट जोर लागतो. जाताना एकटी जाऊ नकोस, आम्ही दोघंतिघं बाहेर चहाच्या टपरीवर थांबू. आत येणार नाही, दमदाटी करणार नाही. नुसते थांबू.

२००५ च्या त्या पेपराच्या दहा कॉप्या मी झेरॉक्स काढून आणल्यात, दाराजवळ ठेवल्यात. इंग्रजी अवघड आहे, मला पहिलं पानसुद्धा धड कळलेलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी दहाला इथंच बसू. पहिलं पान समजावून सांगायचं ती कबूल झालीय. पेन्सिल घेऊन या.